एफपीएस ९० दिसतोय तरी गेम अडखळतोय? फ्रेम रेट कुठे लॉक करायचा ते एकदा नीट बघून घ्या

हा प्रॉब्लेम सतत कुणाला ना कुणाला येतच असतो. कोपऱ्यात एफपीएस (गेम एका सेकंदात किती फ्रेम, म्हणजे चित्रं, बनवतो तो आकडा, यालाच फ्रेम रेट म्हणतात) ८०-९० दिसतोय, ग्राफिक्स कार्ड बरं आहे, पण कॅमेरा फिरवला की गेम झटके मारतो. मग माणूस काय करतो तर सगळ्या सेटिंग्ज लो वर टाकतो, आकडा ९० चा १२० होतो आणि झटके जिथल्या तिथे. मग ड्रायव्हर काढून परत टाकायचा, मग अख्खा गेम परत डाउनलोड करायचा, मग कुणीतरी रजिस्ट्रीत काहीतरी बदलायला सांगतं तेही करून बघायचं, आणि शेवटी पीसीच जुना झाला म्हणून नाद सोडायचा. बऱ्याच वेळा पीसीची काही चूक नसते हो. फ्रेम रेट मोकाट सोडलेला असतो, किंवा असा आकडा लॉक केलेला असतो (म्हणजे त्याच्या वर जाऊ न देणारा कॅप लावलेला असतो) जो मॉनिटरशी जुळतच नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या, कारण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एफपीएस ही सरासरी आहे. डोळ्याला सरासरी दिसत नाही, डोळ्याला दिसतं ते एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत किती वेळ गेला ते, म्हणजे फ्रेम टाइम. ६० एफपीएस म्हणजे दर फ्रेम १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३, १२० म्हणजे ८.३, १४४ म्हणजे ६.९. आता समजा एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १४ मिलिसेकंदात आल्या आणि एकच फ्रेम १७४ मिलिसेकंदाला अडकली. बेरीज करा, बरोबर १००० येते, म्हणजे काउंटर ६० दाखवणार, एकदम झकास. आणि तुम्हाला मात्र मधेच गेम थिजल्यासारखा वाटणार. हार्डवेअर रिव्ह्यूमध्ये ही गोष्ट २०११ मध्ये टेक रिपोर्ट या वेबसाइटच्या स्कॉट वॅसन यांनी फ्रेम टाइम मोजून दाखवली आणि तिथून पुढे हळूहळू सगळेच सरासरीच्या जोडीला वन पर्सेंट लो द्यायला लागले, म्हणजे सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेमवरून काढलेला एफपीएस. सरासरी ९० आणि वन पर्सेंट लो ३८ असेल तर तुमचा गेम स्मूद नाहीये, मग काउंटर काहीही म्हणो.

त्यामुळे सेटिंग्जना हात लावायच्या आधी मोजा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारं रिव्हाट्यूनर, ज्याला सगळे आरटीएसएस म्हणतात, ते टाका. आफ्टरबर्नरच्या मॉनिटरिंग टॅबमध्ये फ्रेमटाइम ही ओळ शोधा, ती ऑन स्क्रीन डिस्प्लेमध्ये चालू करा आणि टेक्स्टऐवजी ग्राफ निवडा. सोबत जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) युसेज, जीपीयूचं आणि सीपीयूचं टेंपरेचर, व्हीरॅम (ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी) आणि सीपीयूच्या प्रत्येक कोरचा युसेज चालू ठेवा, पुढे लागणार आहे. ज्यांना नंतर निवांत आकडे बघायचे आहेत त्यांना कॅपफ्रेमएक्स किंवा इंटेलचं प्रेझेंटमॉन चांगलं पडेल, दोन्ही फुकट आहेत.

आता गेम चालू करून त्या ग्राफकडे पाच-दहा मिनिटं नीट बघा. रेष जवळपास सपाट असेल तर फ्रेम रेट ठीक आहे आणि तरीही हलताना विचित्र वाटत असेल तर गडबड मॉनिटरच्या बाजूला आहे. रेष सारखी करवतीच्या दातांसारखी वरखाली होत असेल तर फ्रेम रेट मोकाट आहे किंवा चुकीच्या आकड्यावर कॅप आहे, आणि हे लॉक करून सुटतं. रेष सपाट आहे पण मधूनच एखादा मोठा सुळका येतो, तर ती वेगळी भानगड आहे, शेडर (रंग-प्रकाश काढणारे छोटे प्रोग्रॅम), व्हीरॅम, डिस्क वगैरे, तिथे कॅपने काही होणार नाही. आणि रेष सुरुवातीला छान असते पण वीसेक मिनिटांनी हळूहळू वर सरकत जाते, तर पीसी तापतोय. तुमचा ग्राफ यातला कुठला ते ओळखलंत की निम्मं काम झालं, कारण या चौघांवर उपाय वेगवेगळे आहेत आणि लोक सरसकट एकच उपाय सगळ्यांवर लावत बसतात.

मॉनिटर खरंच किती हर्ट्झवर चालतोय, म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतोय (त्याचा रिफ्रेश रेट), हे सगळ्यात आधी बघा. ऐकायला बाळबोध वाटेल पण १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेऊन विंडोजमध्ये तो ६० वरच चालवणारे लोक खूप आहेत, कारण विंडोज बऱ्याचदा स्वतःहून ६० च निवडतं आणि कुणी तिकडे बघतच नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, तिथे डिस्प्ले, तिथे अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि तिथे रिफ्रेश रेट. यादीत १४४ दिसतच नसेल तर केबल बघा, जुन्या एचडीएमआय १.४ मधून फुल एचडीला साधारण १२० पर्यंतच जातं, शक्य असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा. आणि केबल ग्राफिक्स कार्डलाच लावली आहे ना, मदरबोर्डच्या पोर्टला नाही ना, तेही वाकून बघून घ्या. काही गेम फुलस्क्रीनमध्ये स्वतःचा वेगळा रिफ्रेश रेट धरून बसतात, म्हणून गेमच्या व्हिडिओ मेनूतही एकदा डोकवा.

आता मुख्य मुद्दा, आकडा कसा ठरवायचा.

कॅप काढा, व्ही-सिंक (फ्रेमला मॉनिटरच्या रिफ्रेशची वाट बघायला लावणारी सेटिंग) बंद करा, आणि गेममधल्या सगळ्यात जड जागी जा. मेनूमध्ये किंवा बंद खोलीत उभं राहून मोजू नका, तिथे कुणाचाही पीसी २०० देतो. गर्दीचं शहर, धूर-स्फोट-पाऊस असलेली लढाई, गाडी जोरात पळवत नेणं, असं काहीतरी. तिथे थोडा वेळ खेळा आणि एफपीएस खाली खाली किती येतो ते बघा, मधला एखादा सुळका सोडून द्या. समजा बहुतेक वेळ ९५ आहे पण जड जागी ७६ ला येतो. तर तुमच्या पीसीचा खरा आकडा ७६ आहे, ९५ हा चांगल्या वेळेचा आकडा आहे. कॅप ७६ च्या खाली पाहिजे म्हणजे तो कधीच मोडणार नाही. बऱ्याच जणांना इथे वाईट वाटतं, की माझा पीसी ९५ देतोय आणि मी ७२ वर का अडकवू. एकदा करून बघा. सतत ७२ हे ७६ ते ११० मध्ये हेलकावे खाणाऱ्या गेमपेक्षा हाताला आणि डोळ्याला खूपच बरं लागतं, कारण हात एका ठरलेल्या लयीला सवयीचा होतो आणि ती लय मोडत नाही.

७२ च का, ७५ का नाही, तर तिथे मॉनिटर येतो (इथे तो १४४ हर्ट्झचा धरलाय). साधा मॉनिटर, म्हणजे ज्यात जी-सिंक किंवा फ्रीसिंक नाही, तो ठरलेल्या अंतरानेच चित्र बदलतो, त्याला तुमच्या गेमशी काही देणंघेणं नाही. ६० हर्ट्झवर तो दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलणार म्हणजे बदलणार. आता त्यावर तुम्ही ४५ एफपीएस लॉक केलात तर काय होतं बघा, चार रिफ्रेशमध्ये तीन फ्रेम बसवायच्या आहेत, म्हणजे दोन फ्रेम एकेक रिफ्रेश दिसतात आणि तिसरी दोन रिफ्रेश दिसते. १६.७, १६.७, ३३.३, परत १६.७, १६.७, ३३.३. ग्राफवर फ्रेम टाइम सरळ रेष दाखवेल आणि पडद्यावर मात्र कॅमेरा फिरवताना लंगडल्यासारखं दिसेल. ५० ला पण तेच, दर पाचवी फ्रेम दुप्पट वेळ थांबते. म्हणून साध्या मॉनिटरवर नेमका भागाकार जाईल असाच आकडा घ्यायचा. ६० हर्ट्झ असेल तर ६० नाहीतर ३०, मधलं काही नाही. १२० असेल तर १२०, ६०, ४० किंवा ३०. १४४ असेल तर १४४, ७२, ४८. १६५ वर ५५ चालतं, पण त्याच्या पुढचा आकडा ८२.५ येतो आणि तो सगळे लिमिटर घेत नाहीत, त्यापेक्षा सरळ मॉनिटरच १४४ किंवा १२० वर आणून तिथला आकडा घेतलेला बरा. हो, मॉनिटर खाली आणता येतो, त्यात काही कमीपणा नाहीये.

४० हा आकडा लोक विसरतात आणि जुन्या पीसीवाल्यांसाठी तो फार कामाचा आहे. ३० आणि ६० च्या मधला आकडा ४५ वाटतो, पण फ्रेम टाइमने मोजलं तर ३३.३ आणि १६.७ च्या बरोबर मध्ये २५ येतं, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे ४० एफपीएस. म्हणजे ३० वरून फक्त १० फ्रेम वाढवल्या की ६० पर्यंतचं निम्मं अंतर कापलं जातं. २०२२ मध्ये स्टीम डेक आल्यावर त्याचा पडदा ४० हर्ट्झवर आणून ४० ला लॉक करून खेळायची पद्धत याचसाठी लोकप्रिय झाली. तुमचा मॉनिटर १२० हर्ट्झचा असेल आणि पीसीला ६० झेपत नसेल तर ३० वर जाऊ नका, ४० लावा.

जी-सिंक किंवा फ्रीसिंक असेल तर हा भागाकार विसरून जा. तिथे मॉनिटरच गेमसाठी थांबतो, फ्रेम तयार झाली की तेव्हाच चित्र बदलतं, त्यामुळे ७६ पण चालतं, ८३ पण चालतं. एनव्हिडियाने जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर केलं, त्यात मॉनिटरमध्ये वेगळा मोड्यूल लागायचा, फ्रीसिंकचे मॉनिटर २०१५ पासून आले, आणि जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० सिरीज आणि पुढची कार्डंही साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक (म्हणजे फ्रीसिंकवाल्या) मॉनिटरवर चालायला लागली. म्हणजे तुमच्याकडे हे फीचर आहे पण चालूच केलेलं नाही असं होऊ शकतं. मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांच्या मेनूत एकदा आणि ड्रायव्हरच्या पॅनलमध्ये एकदा, दोन्हीकडे चालू करावं लागतं, आणि मॉनिटरच्या मेनूतलं ते बऱ्याचदा बंदच असतं.

पण हे चालू केलं की झालं असं समजू नका, इथेच लोक परत अडकतात. या मॉनिटरला एक रेंज असते, समजा ४८ ते १४४. एफपीएस १४४ ला टेकला किंवा वर गेला की ते फीचर काम करणं सोडतं आणि तुम्ही परत साध्या व्ही-सिंकच्या उशिरात किंवा टेअरिंगमध्ये (चित्र आडवं फाटल्यासारखं दिसणं) येता. म्हणून कॅप रिफ्रेशच्या थोडा खाली ठेवायचा, १४४ ला १४१, १२० ला ११७, १६५ ला १६२ असा तीनचा फरक सगळे ठेवतात. २४० वर मात्र तीनने भागत नाही, कारण तिथे एक फ्रेमच ४.२ मिलिसेकंदाची असते आणि तीन एफपीएसचा फरक वेळेत अगदीच किरकोळ येतो, तिथे २२५ च्या आसपास ठेवा. आणि त्याच्या जोडीला ड्रायव्हरमध्ये व्ही-सिंक चालू ठेवा, गेममधलं बंद. बऱ्याच जणांना हे उलटं वाटतं, पण एफपीएस रेंजमध्ये असताना ते व्ही-सिंक उशीर वाढवत नाही, फक्त एखादी फ्रेम वेळेआधी आली तर तळाशी फाटलेलं चित्र दिसू देत नाही. रेंजच्या खालच्या टोकाला म्हणजे ४८ च्या खाली गेलात तर चांगले मॉनिटर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून सांभाळून घेतात, पण त्यासाठी रेंजचं वरचं टोक खालच्याच्या निदान दुप्पट लागतं. ४८ ते ७५ रेंजच्या मॉनिटरला ते जमत नाही, तिथे ४७-४८ च्या सीमेवर सारखी ये-जा झाली की झटके ठरलेले. अशा मॉनिटरवर काहीही करून एफपीएस ५० च्या वर राहील एवढ्या सेटिंग्ज कमी करा.

साध्या व्ही-सिंकबद्दल थोडं. त्याला उगाच शिव्या पडतात. पीसी ६० च्या वर आरामात राहत असेल आणि तुम्ही कथेचा गेम निवांत खेळत असाल तर ६० हर्ट्झवर व्ही-सिंक अगदी चांगलं दिसतं. त्रास होतो तो पीसी ५५-५८ वर असताना, कारण एक फ्रेम १६.७ ला चुकली की पुढच्या रिफ्रेशची वाट बघावी लागते, आणि ट्रिपल बफरिंग (एक जास्तीची फ्रेम तयार ठेवायची सोय) नसेल तर ६० वरून धाडकन ३० वर पडतो. गेम एकदम निम्मा होतोय, परत वर येतोय, असं दिसलं तर हेच कारण समजा. सेटिंग्ज जरा उतरवून ६० च्या वर १० टक्के तरी जागा ठेवा किंवा सरळ ३० ला लॉक करा.

कॅप लावायचा कुठे? गेममध्येच लिमिटर असेल तर पहिला मान त्याचा, कारण गेम तुमचा माउस-कीबोर्ड वाचायच्या आधीच थांबतो त्यामुळे हाताला उशीर सगळ्यात कमी जाणवतो. पण काही गेमचे लिमिटर इतके ढिसाळ असतात की ६० म्हणून ५७ ते ६४ मध्ये नाचतात, ग्राफवर लगेच कळतं. तसं दिसलं तर आरटीएसएसमधला लावा, तो फ्रेम टाइम एकदम सरळ ठेवतो, किंचित उशीर वाढतो पण बंदूकबाजीचा गेम नसेल तर कळत नाही. काही ऑनलाइन गेमचं अँटी-चीट (फसवणूक पकडणारं सॉफ्टवेअर) गेमवर आकडे दाखवणाऱ्या बाहेरच्या ओव्हरलेला हरकत घेतं, तिथे एनव्हिडियाच्या पॅनलमधलं मॅक्स फ्रेम रेट किंवा एएमडीचा लिमिटर वापरा. कुठलाही वापरा, पण एकच. गेममध्ये ६०, ड्रायव्हरमध्ये ७२ आणि आरटीएसएसमध्ये ६० असे तीन ठेवले की एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मग कुठलीच सेटिंग लागू होत नाहीये असं वाटत राहतं. लॅपटॉपवर अजून एक लपलेला कॅप असतो, बॅटरीवर चालताना एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट एफपीएस ३० ला आणून ठेवू शकतं. चार्जर काढला की गेम निम्मा होतो अशी तक्रार असेल तर आधी तिकडे बघा.

आता आकडा ठरला पण पीसीला तो झेपत नाहीये, थोडाच कमी पडतोय, तर कुठली सेटिंग उतरवायची? यासाठी तो जीपीयू युसेज बघा. ९७-९९ टक्के असेल तर ग्राफिक्स कार्ड दमलंय, मग रिझोल्यूशन, शॅडो, रिफ्लेक्शन, व्हॉल्युमेट्रिक धुकं, रे ट्रेसिंग यातलं काहीतरी उतरवा, किंवा डीएलएसएस-एफएसआर (कमी रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करणारी फीचर्स) क्वालिटीवर लावा. युसेज ६०-७० च आहे आणि तरी एफपीएस वर जात नाहीये, कॅपही नाहीये, तर सीपीयू अडवतोय. अशा वेळी सगळं लो वर टाकून काही मिळत नाही आणि लोक इथेच वैतागतात. खात्री करायची असेल तर रिझोल्यूशन एकदम खाली आणा, एफपीएस तेवढाच राहिला तर सीपीयू पक्का. एकूण सीपीयू युसेज ४० टक्के दिसतोय म्हणून फसू नका, गेमचा मुख्य थ्रेड एकाच कोरवर धावत असतो आणि तो एक कोर भरला की बाकीचे मोकळे असून उपयोग नाही. इथे गर्दीची संख्या, लांबचं किती दिसावं ती सेटिंग, फिजिक्स, गाड्यांची रहदारी, हे उतरवा. रे ट्रेसिंगपण सीपीयूवर भार टाकतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आणि रॅम, एकच स्टिक असेल तर दोन लावून ड्युअल चॅनल करा, बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का बघा, सीपीयू अडवत असेल तेव्हा वन पर्सेंट लो याने छान सुधारतो.

कार्ड सतत ९९ टक्क्यांवर चालू देऊ नका, हे मी परत परत सांगेन. कार्ड पूर्ण भरलं की सीपीयू पुढच्या फ्रेम रांगेत लावून ठेवतो आणि तुम्ही माउस हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत वेळ वाढतो. एफपीएस तोच पण गेम जड, चिकट वाटतो. कॅपमुळे कार्ड ९० च्या आसपास राहिलं की ते चिकटपण जातं, पंख्याचा आवाज कमी होतो आणि तापमानही उतरतं. एनव्हिडियाने २०२० मध्ये रिफ्लेक्स आणलं ते याच रांगेवर काम करतं, गेममध्ये दिसलं तर चालू करा. जी-सिंक आणि व्ही-सिंक सोबत असतील तर ते १४४ वर कॅपही स्वतःच १३८ च्या आसपास लावतं, तुम्ही वेगळा लावायची गरज नाही.

सुळकेवाल्यांसाठी. नवीन जागी गेलं, नवीन शत्रू आला, पहिल्यांदा स्फोट झाला की झटका, आणि तीच जागा दुसऱ्यांदा केली की नाही, तर शेडर त्याच वेळी तयार होतायत. डायरेक्टएक्स १२ च्या आणि विशेषतः अनरियल इंजिनच्या गेममध्ये हे जास्त. गेम सुरू करताना शेडर कंपायलिंगचा पट्टा येतो तो पूर्ण होऊ द्या, घाईने स्किप करू नका, एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये शेडर कॅश साइझ १० जीबी करा, आणि ड्रायव्हर अपडेटनंतर जुना कॅश जातो म्हणून पहिला तास झटके येणारच, त्यावरून नवीन ड्रायव्हर खराब असं ठरवू नका. त्याच जागेवरून प्रत्येक वेळी जाताना झटका येत असेल तर गेम पुढचा भाग लोड करतोय, एसएसडीवर नसेल तर एसएसडीवर हलवा, आणि असूनही येत असेल तर ते गेमचंच आहे, तुमच्या हातात काही नाही. व्हीरॅम भरून गेली असेल तर टेक्श्चर एक पायरी खाली आणा, ८ जीबीच्या कार्डवर अल्ट्रा टेक्श्चरचा हट्ट नको.

आणि एक फारसं कुणी न बघणारं कारण. झटके फक्त माउसने कॅमेरा फिरवतानाच येतायत का? कंट्रोलर लावून फिरवून बघा. कंट्रोलरवर मऊ आणि माउसवर खडखड असेल तर माउसचा पोलिंग रेट (सेकंदाला किती वेळा तो पीसीला आपली हालचाल कळवतो) ४००० किंवा ८००० असणार, सीपीयूला तेवढ्या वेळा उत्तर देत बसावं लागतं आणि काही गेमना ते झेपत नाही. १००० वर आणा.

तापणारा पीसी असेल तर आकडे बघा, वीसेक मिनिटांनी क्लॉक (चिपचा वेग) खाली येतोय आणि टेंपरेचर वरच्या मर्यादेला चिकटलंय, तर धूळ काढा, लॅपटॉप मागून उचलून ठेवा. लॅपटॉपवर कॅपचा फायदा सगळ्यात जास्त होतो, ११० वर धावून दमून ६५ वर येण्यापेक्षा पहिल्यापासून ७२ वर चाललेला लॅपटॉप तासभर तसाच चालतो.

स्पर्धेच्या शूटर गेमचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे मऊपणापेक्षा उशीर कमी हवा, म्हणून काउंटर-स्ट्राइकवाले ६० हर्ट्झवरपण २००-३०० एफपीएस सोडून देतात, आणि त्यात तथ्य आहे, जास्त ताजी फ्रेम पडद्यावर येते, टेअरिंग दिसलं तरी चालतं. पण तिथेही २०० ते ४०० मध्ये हेलकावे घेण्यापेक्षा पीसी नेहमी पकडू शकेल असा वरचा आकडा लावलेला बरा, नेम धरताना हाताला एकसारखं वाटतं.

उलट काही गेमना जास्त एफपीएस चालतच नाहीत. २०११ च्या मूळ स्कायरिममध्ये फिजिक्स फ्रेम रेटला बांधलेलं आहे, ६० च्या वर गेलं की टेबलावरची भांडी उडायला लागतात. डार्क सोल्स २ मध्ये पीसीवर ६० एफपीएसला शस्त्रं दुप्पट वेगाने झिजायची, ते २०१५ मध्ये दुरुस्त झालं. जीटीए ५ मध्ये साधारण १८० च्या वर इंजिनच अडखळायला लागतं, तगडा पीसी असेल तर १६० वगैरेला कॅप लावा. एल्डन रिंग ६० लाच बांधलेला येतो, तिथे १४४ चा मॉनिटर असेल आणि फ्रीसिंक नसेल तर मॉनिटर १२० वर आणा, म्हणजे प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसेल. जुन्या गेममध्ये काहीतरी विचित्र होत असेल, माणसं सरकतायत, उडी पोचत नाहीये, तर ६० ला लॉक करून बघणं ही पहिली गोष्ट.

फ्रेम जनरेशनबद्दल एवढंच, डीएलएसएस ३ मधून २०२२ मध्ये आणि एफएसआर ३ मधून २०२३ मध्ये आलं, आकडा जवळपास दुप्पट दिसतो, पण मधल्या फ्रेम बनवलेल्या असतात आणि हाताला उशीर मूळ फ्रेम रेटचाच, वर थोडा आणखी. मूळ ६० च्या आसपास असतील तर चालू करा, १२० सारखं दिसेल आणि बरं वाटेल. मूळ ३० वरून ६० करायला वापरलंत तर चित्र मऊ दिसेल आणि हात चिखलात रुतल्यासारखे वाटतील, अडखळणारा गेम सुधारायचा हा मार्ग नाही.

सेटिंग बदलताना एका वेळी एकच बदला आणि त्याच जड जागी जाऊन ग्राफ परत बघा. कॅप लावल्यावरही रेष महिना-दोन महिन्यांनी परत दातेरी दिसायला लागली तर बहुतेक वेळा गेमच्या मोठ्या अपडेटने जड जागा अजून जड झालेली असते, किंवा विंडोजच्या किंवा ड्रायव्हरच्या अपडेटने रिफ्रेश रेट परत ६० वर नेऊन ठेवलेला असतो. आधी अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडून तो बघा, मग नवीन खालचा आकडा मोजा आणि कॅप एक पायरी खाली घ्या, ७२ चा ४८ नको वाटत असेल तर शॅडो आणि गर्दी उतरवून ७२ टिकतोय का ते आधी बघा.